रनिंग बॅक ड्राफ्टमधून घ्यावा की ट्रेडने? डॅलस काउबॉय्जच्या उदाहरणासह पूर्ण हिशोब

एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये रनिंग बॅकइतकी (चेंडू हातात घेऊन पळणारा खेळाडू) दिशाभूल करणारी दुसरी जागा नाही. टाम्पा बे बकनिअर्सने २०२४ मध्ये बकी अर्व्हिंगला चौथ्या फेरीत, १२५ व्या क्रमांकावर घेतलं आणि पहिल्याच हंगामात त्याने १,१२२ यार्ड काढले. त्याच ड्राफ्टमध्ये सगळ्यात आधी निवडला गेलेला बॅक होता ४६ व्या क्रमांकाचा जोनाथन ब्रूक्स. त्याचा गुडघा कॉलेजात दुखावलेला होता, आणि कॅरोलिना पँथर्सकडून जेमतेम मैदानात उतरल्यावर गुडघा पुन्हा गेला. म्हणून ‘सगळ्यात चांगला बॅक कोण’ हा प्रश्न शेवटी विचारायचा. त्याआधी आपल्या संघाला काय हवंय, हातात काय आहे आणि समोरचा संघ कुठे अडलाय, हे कागदावर मांडायचं. हा लेख त्याच क्रमाने जातो. उदाहरण मुख्यतः डॅलस काउबॉय्जचं घेतलं आहे, कारण या जागेवरचं शहाणपण आणि उधळपट्टी दोन्ही त्या संघाच्या इतिहासात भरपूर सापडतात.

नव्याने बघू लागलेल्यांसाठी थोडक्यात: ड्राफ्टच्या ७ फेऱ्या असतात, ३२ संघ क्रमाने कॉलेजचे खेळाडू निवडतात. निवडीच्या या हक्काला पिक म्हणतात आणि तो खेळाडूच्या बदल्यात किंवा दुसऱ्या पिकच्या बदल्यात देता-घेता येतो; या अदलाबदलीला ट्रेड म्हणतात. ड्राफ्ट झालेल्या खेळाडूचा करार ४ वर्षांचा. पहिल्या फेरीतल्या खेळाडूवर संघाला पाचव्या वर्षाचा पर्याय मिळतो आणि तो घ्यायचा की नाही हे तिसऱ्या हंगामानंतरच्या मे महिन्याच्या सुरुवातीला ठरवावं लागतं.

पहिली पायरी: दोष बॅकचाच आहे का?

धावण्याचा खेळ बसला की प्रेक्षक बॅकला दोष देतात. आधी लाइन, म्हणजे बॅकसाठी वाट मोकळी करणारे पुढचे खेळाडू, तपासा.

डॅलसने २०११ मध्ये टायरन स्मिथ, २०१३ मध्ये ट्रॅव्हिस फ्रेडरिक आणि २०१४ मध्ये झॅक मार्टिन अशी ऑफेन्सिव्ह लाइन पहिल्या फेरीतल्या पिकांतून उभी केली. तिच्यामागे डीमार्को मरेने २०१४ मध्ये १,८४५ यार्ड काढले. पुढच्या वर्षी तो मोठ्या पैशांवर फिलाडेल्फिया ईगल्सकडे गेला आणि ७०२ यार्डांवर अडकला, दर धावेमागे सरासरी ३.६. इकडे डॅलसने त्याच्या जागी थकलेला मानला गेलेला डॅरेन मॅकफॅडन उभा केला, तर त्याने त्याच लाइनमागे १,०८९ यार्ड केले. उलट दिशेचं उदाहरण सेक्वॉन बार्कलीचं: २०२३ मध्ये जायंट्सकडून ९६२ यार्ड, सरासरी ३.९, २०२४ मध्ये ईगल्सकडून २,००५ यार्ड, सरासरी ५.८.

तपासणी घरी बसून करता येते. मागच्या हंगामातल्या चार-पाच सामन्यांतल्या शंभरेक कॅरी (बॅकने चेंडू घेऊन केलेल्या धावा) बघा आणि प्रत्येकीपुढे तीन गोष्टी लिहा: बॅकला पहिला धक्का स्क्रिमेज रेषेच्या (डाव जिथून सुरू होतो ती रेषा) मागे बसला की पुढे; बचावाने बॉक्समध्ये (लाइनसमोरच्या जागेत) किती माणसं आणली होती; आणि धाव यशस्वी होती का. यशस्वी म्हणजे पहिल्या डाउनला (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला एक म्हणजे डाउन) गरजेच्या ४० टक्के यार्ड, दुसऱ्याला ६० टक्के, तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण. समोर सहा-सातच माणसं असतानाही बॅकला वारंवार रेषेमागेच धरलं जात असेल, तर पैसे लाइनमधल्या गार्ड किंवा सेंटरवर घाला. बॉक्समध्ये सतत आठ माणसं दिसत असतील, तर प्रतिस्पर्ध्यांना तुमच्या पासिंगची भीती नाही असा अर्थ होतो. तिथे पास झेलणारा वाइड रिसीव्हर जास्त उपयोगी पडेल. वाट मोकळी आहे, पण पहिल्या धक्क्यानंतर यार्ड मिळत नाहीत, तिसऱ्या डाउनला बॅकला बाहेर बसवावं लागतं, हातून चेंडू सुटतो: असं असेल तरच नवा बॅक शोधा.

ही पायरी गाळली की काय होतं ते रेडर्सनी दाखवलं. २०२५ मध्ये त्यांनी ॲश्टन जेंटीला सहाव्या क्रमांकावर घेतलं. कॉलेजात एका हंगामात २,६०१ यार्ड काढलेला हा मुलगा कमकुवत लाइनमागे पहिल्या वर्षी हजारही गाठू शकला नाही. खेळाडू उत्तमच आहे. क्रम चुकला.

दुसरी पायरी: पैसा

सॅलरी कॅप म्हणजे संघाने खेळाडूंवर वर्षाला किती खर्च करायचा याची मर्यादा. २०२५ साठी ती २७ कोटी ९२ लाख डॉलर होती. नवोदितांचा पगार पिकच्या क्रमांकावरून ठरतो, जागेवरून नाही, आणि रनिंग बॅकच्या बाबतीत सगळी मेख इथे आहे. सहाव्या क्रमांकाच्या क्वार्टरबॅकला (पास फेकणारा मुख्य खेळाडू) आणि सहाव्या क्रमांकाच्या रनिंग बॅकला जवळपास तेवढेच पैसे मिळतात. पण अनुभवी क्वार्टरबॅक त्याच्या कित्येक पट महाग असतो, अनुभवी बॅक तेवढा नाही. जेंटीचा ४ वर्षांचा करार सुमारे ३ कोटी ५९ लाखांचा, म्हणजे वर्षाला जवळजवळ ९० लाख. त्याच्या आदल्या वर्षी रेव्हन्सनी डेरिक हेन्रीला २ वर्षांसाठी १ कोटी ६० लाखांत आणलं, म्हणजे वर्षाला ८० लाख, आणि त्याने १,९२१ यार्ड दिले. चौथ्या फेरीतला बॅक मात्र वर्षाला साधारण दहा-बारा लाखांत मिळतो. वरच्या पिकवर बॅक घेतला तर बचत थोडी होते, खालच्या पिकवर भरपूर.

दुसरी बाजू वयाची. बहुतेक बॅक सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या वर्षी उतरणीला लागतात. हेन्री तिशीत चमकला, पण त्याच्यावरून नियम बांधू नका. डॅलसने २०१९ मध्ये इझिकिएल एलियटला ६ वर्षांची, ९ कोटींची मुदतवाढ दिली आणि मार्च २०२३ मध्ये त्याला सोडून दिलं. त्याच २०१९ च्या ड्राफ्टमध्ये चौथ्या फेरीत, १२८ व्या क्रमांकावर घेतलेल्या टोनी पोलार्डने २०२२ मध्ये १,००७ यार्ड केले होते. मोठ्या कराराला स्वस्त पर्याय त्याच खोलीत बसलेला होता.

तिसरी पायरी: हातातली पिक मोजा आणि तक्त्यावर ठेवा

पिकची किंमत ठरवायचा सर्वांत रुळलेला तक्ता डॅलसचा तेव्हाचा प्रशिक्षक जिमी जॉन्सन याच्या नावाने ओळखला जातो आणि तो १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डॅलसमध्येच तयार झाला. पहिला क्रमांक ३,००० गुण, १२ वा १,२००, ३२ वा ५९०, ४४ वा ४६०, ६४ वा २७०, १०० वा १००. आता संघ आपापले सुधारित तक्ते वापरतात, त्यांत मधल्या फेऱ्यांना जास्त किंमत असते. तरी पहिला अंदाज घ्यायला जुना तक्ता पुरतो. २०२३ मध्ये डेट्रॉइटने ६ आणि ८१ क्रमांक ॲरिझोनाला देऊन १२, ३४ आणि १६८ घेतले: १,७८५ गुणांच्या बदल्यात १,७८४. बाराव्यावर त्यांनी रनिंग बॅक जमिर गिब्स घेतला, चौतिसाव्यावर टाइट एंड सॅम लापोर्टा. बॅक हवा होता, पण त्यासाठी सहाव्या क्रमांकाची किंमत मोजली नाही. खाली सरकून बॅक घ्यायची ही रीत शिकण्यासारखी आहे.

आता डॅलसचा २०२५ चा कागद मांडू. रिको डाउडलने २०२४ मध्ये १,०७९ यार्ड केले आणि तो पँथर्सकडे गेला. गार्ड झॅक मार्टिन निवृत्त झाला. हातात १२, ४४ आणि ७६ क्रमांक होते, त्यानंतर थेट १४९. चौथ्या फेरीचं पिक आदल्या नोव्हेंबरमध्ये रिसीव्हर जोनाथन मिंगोसाठी कॅरोलिनाला देऊन टाकलेलं. ते ११४ वं ठरलं असतं, तक्त्यावर ६६ गुण. किरकोळ वाटतं, पण त्या ६६ गुणांनी सगळा डाव फिरवला.

वाटा तीन होत्या. पहिली, बाराव्यावरच बॅक घेणं: ओमॅरियन हॅम्प्टन उपलब्ध होता, तो पुढे चार्जर्सनी २२ व्यावर घेतला, म्हणजे दहा क्रमांक आधी उचलणं महाग पडलं असतं. दुसरी, ४४ वरून वर चढणं: क्विन्शॉन जडकिन्स ३६ व्यावर आणि ट्रेव्हियन हेंडरसन ३८ व्यावर गेला. ३८ ची किंमत ५२०, डॅलसकडे ४६०. फरक ६० गुणांचा, अगदी त्या गेलेल्या चौथ्या फेरीच्या पिकएवढा. ते नसल्याने ७६ वं द्यावं लागलं असतं, ज्याची किंमत २१०. साठच्या खड्ड्यात दोनशे दहा कोणी ओतत नाही. तिसरी, चौथ्या फेरीत थांबून घेणं: ११६ व्यावर वुडी मार्क्स, ११७ व्यावर जार्क्वेझ हंटर, १२६ व्यावर डिलन सॅम्पसन गेला, आणि ही सगळी रांग डॅलसच्या रिकाम्या जागेसमोरून निघून गेली.

मग त्यांनी बाराव्यावर गार्ड टायलर बुकर घेतला, बॅकसाठी पाचव्या फेरीत जेडन ब्लू आणि सातव्यात फिल माफा. खरा भार मार्चमध्येच स्वस्तात आणलेल्या जावाँटे विल्यम्सवर टाकला. करार एका वर्षाचा, ३५ लाखांपर्यंतचा. त्याने हजाराच्या वर यार्ड केले. लाइनवर वरचं पिक आणि बॅकवर किरकोळ रक्कम ही वाटणी बरोबर होती असं आमचं स्पष्ट मत आहे. मात्र सोडलेला माणूसही कमी नव्हता: डाउडलने ऑक्टोबरमध्ये डॅलसविरुद्धच १८३ यार्ड काढले.

चौथी पायरी: कॉलेजच्या बॅकची पारख

इंडियानापोलिसच्या कंबाइनमध्ये (ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांत) चाळीस यार्डांची वेळ सगळे बघतात. ती वजनासोबत वाचा. त्यासाठी स्पीड स्कोअर वापरतात: पौंडांतलं वजन गुणिले २००, भागिले वेळेचा चौथा घात. साधारण बॅकचा आकडा शंभराच्या आसपास येतो. ब्रीस हॉलचं वजन २१७ पौंड, वेळ ४.३९ सेकंद, म्हणजे जवळजवळ ११७. बिजन रॉबिन्सन २१५ आणि ४.४६, म्हणजे १०९ च्या आसपास. पण कायरन विल्यम्स १९४ पौंड, ४.६५ सेकंद, आकडा फक्त ८३. रॅम्सनी त्याला २०२२ मध्ये पाचव्या फेरीत घेतलं आणि २०२३ मध्ये त्याने १२ सामन्यांत १,१४४ यार्ड केले. त्याची ताकद ब्लॉक वाचण्यात आणि क्वार्टरबॅकला वाचवण्यात आहे. ती घड्याळात दिसत नाही. स्कोअर चाळणीसाठी वापरा, क्रम लावण्यासाठी नाही.

यानंतर व्हिडिओ, आणि त्यात सगळ्यात आधी पास प्रोटेक्शन, म्हणजे पास फेकताना क्वार्टरबॅकला वाचवणं. नव्या बॅकला पहिल्या वर्षी बाकावर बसवणारं कारण बहुतेक वेळा हेच असतं: ब्लिट्झवर, म्हणजे थेट क्वार्टरबॅकवर, धावून येणारा बचावातला लाइनबॅकर त्याला ओळखता येत नाही आणि प्रशिक्षक क्वार्टरबॅकचा जीव धोक्यात घालायला तयार नसतो. हेंडरसन ओहायो स्टेटमध्ये याच कामासाठी नावाजला होता. मग संपर्कानंतर मिळवलेले यार्ड, चुकवलेले टॅकल, झेललेले पास, सुटलेले चेंडू. एकदोन लांब पळांनी फुगलेली सरासरी ओळखायला सर्वांत लांब तीन धावा वगळून पुन्हा भागाकार करा.

कॉलेजातला भारही मोजा. जेंटीने शेवटच्या हंगामात ३७४ कॅरी उचलल्या. ओहायो स्टेटमध्ये जडकिन्स आणि हेंडरसन यांनी काम वाटून घेतलं, १९४ आणि १४४. पायात किती दम शिल्लक आहे याचा हा ढोबळ पण उपयोगी अंदाज. आणि वैद्यकीय अहवाल शेवटी वाचायचा नसतो. गुडघ्याची शस्त्रक्रिया ड्राफ्टच्या आधीच्या शरद ऋतूत झाली असेल, तर पहिलं वर्ष हिशोबात धरूच नका, तीन वर्षांच्या किमतीनेच बोली लावा.

पाचवी पायरी: ट्रेडचं गिऱ्हाईक ओळखा

ट्रेडमध्ये समोरच्या संघाची अडचण हीच तुमची सवलत. त्यासाठी साइनिंग बोनसचं गणित कळायला हवं. बोनस खेळाडूला लगेच मिळतो, पण कॅपवर तो जास्तीत जास्त पाच वर्षांत वाटून लावतात. समजा ४ वर्षांच्या करारात १ कोटी २० लाख बोनस आहे: दरवर्षी ३० लाख. दोन वर्षांनी ट्रेड झाला तर उरलेले ६० लाख जुन्या संघाच्या कॅपवर येतात, नव्या संघाकडे फक्त पुढचा पगार. १ जूननंतर ट्रेड केला तर जुन्या संघाला हा बोजा दोन वर्षांत विभागता येतो, म्हणून काही सौदे जूनपर्यंत मुद्दाम थांबतात.

याचा सर्वांत चांगला उपयोग सॅन फ्रान्सिस्कोने केला. २० ऑक्टोबर २०२२ रोजी त्यांनी ख्रिश्चन मॅकॅफ्रीला कॅरोलिनाकडून घेतलं. बदल्यात २०२३ चं दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या फेरीचं आणि २०२४ चं पाचव्या फेरीचं पिक. वर्षाला १ कोटी ६० लाखांचा करार असलेल्या माणसासाठी त्या उरलेल्या हंगामात त्यांना सात लाखांच्याही आत पगार द्यावा लागला, कारण बाकीचं कॅरोलिना आधीच देऊन बसली होती. २०२३ ची ती तीन पिकं ६१, ९३ आणि १३२ ठरली: तक्त्यावर २९२, १२८ आणि ४०, एकूण ४६०. म्हणजे एका ४४ व्या पिकएवढीच किंमत. पुढच्या हंगामात तो १,४५९ यार्डांसह धावांत लीगमध्ये पहिला आला. जिंकणाऱ्या संघाची पिकं फेरीच्या शेवटी पडतात, त्यामुळे त्यालाच असा सौदा परवडतो. तळाच्या संघाचं दुसऱ्या फेरीचं पिक ३३-३४ व्या क्रमांकावर जाऊन बसतं. त्याने हे करू नये.

बाकीचे भाव साधारण असे दिसतात. सोडून देण्याच्या बेतात असलेला बॅक सातव्या फेरीत: मार्च २०२४ मध्ये टेक्सन्सनी जो मिक्सनला तेवढ्यात उचललं आणि त्याने हजार यार्ड ओलांडले. हंगामाच्या मध्यात भर म्हणून हवा असेल तर पाचवी-सहावी फेरी: २०२२ मध्ये मायामीने जेफ विल्सनसाठी पाचव्या फेरीचं पिक दिलं. करार संपत आलेला, ज्याच्या जागी नवा खेळाडू आला आहे असा चांगला बॅक चौथ्या फेरीत: डेट्रॉइटने गिब्स घेतल्यावर डीआंड्रे स्विफ्ट नकोसा झाला, ईगल्सनी २०२५ चं चौथ्या फेरीचं पिक आणि सातव्या फेरीची अदलाबदल एवढ्यावर त्याला नेलं आणि १,०४९ यार्ड वसूल केले. म्हणून ड्राफ्टच्या रात्री कोणी बॅक घेतला याच्याइतकंच, त्या संघात आधी कोण होता हे लिहून ठेवा. तोच उद्याचा माल.

पहिल्या फेरीचं पिक कधीही देऊ नका. इंडियानापोलिसने सप्टेंबर २०१३ मध्ये ट्रेंट रिचर्डसनसाठी ते दिलं आणि त्या हंगामात त्यांच्याकडून त्याची सरासरी २.९ यार्ड राहिली. न्यू ऑर्लिन्सने १९९९ मध्ये रिकी विल्यम्सला पाचव्या क्रमांकावर घेण्यासाठी त्या ड्राफ्टची आपली सगळी पिकं आणि पुढच्या वर्षीची पहिली व तिसरी फेरी दिली. आणि १२ ऑक्टोबर १९८९ चा हर्शल वॉकरचा सौदा तर डॅलसचं सोनं ठरला. डॅलसच्या या बॅकच्या बदल्यात मिनेसोटाने खेळाडू दिले, प्रत्येकामागे अट म्हणून पिक बांधलेलं: डॅलसने खेळाडू सोडला की पिक डॅलसचं. जिमी जॉन्सनला पिकंच हवी होती. तीन वर्षांच्या पहिल्या-दुसऱ्या फेऱ्या त्याच्या हाती आल्या. त्यांतलं १९९० चं २१ वं पिक तिसऱ्या फेरीच्या पिकसह पिट्सबर्गला देऊन तो १७ व्यावर चढला आणि एमिट स्मिथ घेतला. बॅक विकून त्यातूनच जास्त चांगला, तरुण बॅक मिळवला.

अटींचं पिक आजही सर्वांत चांगली ढाल आहे. २०२२ मध्ये जेट्सनी जेम्स रॉबिन्सनसाठी सहाव्या फेरीचं पिक ठरवलं आणि ६०० यार्ड झाले तरच ते पाचव्याचं होणार होतं. तो तिथवर पोहोचला नाही. दुखापतीची शंका असेल तर अट सामन्यांच्या संख्येवर ठेवा, यार्डांवर नको. आणि प्रत्येक ट्रेड शारीरिक तपासणीवर अवलंबून असतो. तपासणीत गुडघा नापास झाला तर सौदा रद्द, म्हणून दुसरं नाव तयार ठेवा.

सहावी पायरी: वेळापत्रक

मार्चच्या मध्यावर नवं लीग वर्ष सुरू होतं, तेव्हापासून ट्रेड अधिकृत होतात. मुक्त खेळाडू गमावल्याबद्दल मिळणारी भरपाईची पिकं तिसऱ्या ते सातव्या फेरीत असतात आणि त्यांच्या गणितात दोन सूट आहेत: ट्रेडने आलेला खेळाडू त्यात मोजत नाहीत, आणि ड्राफ्टनंतरच्या सोमवारनंतर करारबद्ध केलेलाही नाही. अनुभवी बॅक मे-जूनपर्यंत पडून राहतात त्याचं एक कारण हे. २०२५ मध्ये जे. के. डॉबिन्स जूनमध्ये डेन्व्हरला आणि निक चब ह्यूस्टनला गेला. ड्राफ्टमध्ये बॅक हाती लागला नाही तर घाबरून ट्रेड करू नका, आधी या यादीकडे वळा.

भारतातून बघणाऱ्यांसाठी: पहिली फेरी शुक्रवारी पहाटे ५:३० ला, दुसरी-तिसरी शनिवारी पहाटे ४:३० ला, आणि चौथी ते सातवी शनिवारी रात्री ९:३० पासून. बॅकच्या दृष्टीने शेवटची बैठक सगळ्यात महत्त्वाची, आणि सुदैवाने तीच सोयीच्या वेळी असते. ऑगस्टअखेर संघ ५३ खेळाडूंवर येतात, तेव्हा स्वस्त सौदे निघतात. वॉशिंग्टनने २०२५ मध्ये ब्रायन रॉबिन्सनला तेव्हाच सहाव्या फेरीच्या पिकवर सॅन फ्रान्सिस्कोला दिलं. ट्रेडची अंतिम मुदत २०२४ पासून नवव्या आठवड्यानंतरच्या मंगळवारी आहे, आपल्याकडे बुधवारी पहाटे २:३०. तोवर संघाच्या विजय-पराभवांवर नजर ठेवा: प्लेऑफची आशा नसलेला संघ करार संपत आलेला बॅक शेवटच्या दोन दिवसांत सोडतो, आणि भाव एक फेरी तरी खाली येतो. मुदत उलटली की फक्त वेव्हर्सवरचे (संघांनी सोडलेले), मुक्त आणि सराव पथकांतले खेळाडू उरतात.